पक्षिमित्र गावातले बुलबुल

"शेपटी आखूड झालीय. हा पतंग वर गेला की गरगरत कुणाच्या तरी डोक्यावर येणार," तुलुस म्हणाला.

"तुझ्या डोक्यावर येऊ दे. तिथे फुटण्यासारखं काही नाहीच," रेत्नो म्हणाली आणि खळीने चिकट झालेलं बोट तिने त्याच्याच शर्टाला पुसलं.

शाळेला सुटी लागली होती, कोरडा वारा सुटला होता आणि वोनोलेगी गावातली झाडून सगळी पोरं पतंगांच्या मागे लागली होती. रेत्नो बारा वर्षांची, वर्गात पहिली येणारी आणि ते कुणाला विसरू न देणारी. तुलुसही त्याच वर्गातला, पण त्याचा नंबर शेवटाकडून मोजलेला सोयीचा पडायचा. एकमेकांना टोचून बोलणं यालाच ती दोघं मैत्री म्हणत. तिसरा गलिह, रेत्नोचा धाकटा भाऊ. आज तो पतंगाकडे ढुंकूनही बघत नव्हता. विहिरीच्या कठड्यावर पपईची फोड ठेवून तो जिभेने टक् टक् असा आवाज काढत बसला होता.

तो आवाज जंबुलला बोलवायचा. जंबुल म्हणजे बुलबुल. मागच्या पावसाळ्यात घरट्यातून पडला तेव्हा त्याच्या अंगावर पीसही नव्हतं. म्बाह कार्सो, म्हणजे या भावंडांचे आजोबा, तेव्हा म्हणाले होते, "मांजराला टाका. त्याचं तरी पोट भरेल." गलिहने ऐकलं नाही. लाल मुंग्यांची अंडी भरवून आणि स्वतःच्या टोपीत झोपवून त्याने ते पिल्लू जगवलं. दोऱ्यात अडकून त्याचं एक बोट तुटलं, तेवढं सोडलं तर जंबुल चांगला टुणटुणीत झाला. त्याला पिंजरा कधी नव्हताच. तो बागेत राहायचा, टक् टक् ऐकली की गलिहच्या डोक्यावर येऊन बसायचा आणि केस उपटायचा. माणसाची भीती त्याला ठाऊक नव्हती, आणि घरातल्या सगळ्यांना त्याचं फार कौतुक होतं.

"परवापासून आला नाही तो," गलिह म्हणाला.

"बायको मिळाली असेल. आता तुझ्या डोक्यातल्या उवा कोण खाणार?" तुलुस म्हणाला.

रेत्नो हसली नाही. ती मान वर करून पपईच्या झाडाकडे बघत होती.

"तुलुस, ती पपई बघ."

"पिकलीय. काढू?"

"गाढवा, पिकलीय आणि अख्खी आहे."

मग तुलुसच्याही डोक्यात प्रकाश पडला. या अंगणात पिकलेली पपई अख्खी राहिल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. बुलबुल आधी भोक पाडायचे, मग चष्मेवाला नावाच्या इवल्या पाखरांची टोळी यायची, आणि उरलंसुरलं हळद्या खायचा. म्बाह रोज सकाळी खाली उभे राहून त्या सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आज झाडावर पिवळ्याधमक पपया लटकत होत्या आणि एकीवरही ओरखडा नव्हता.

तिघांनी कान दिले. कुठेतरी कोंबडा आरवला, एक मोटरसायकल गेली, शेजारचा रेडिओ खरखरला. त्यापलीकडे काहीच नव्हतं. शिंपी नाही, वटवट्या नाही, जास्वंदीवर शिंजीर नाही. फक्त म्बाहचा पाळलेला होला उंच खांबावरच्या पिंजऱ्यात घुमत होता.

"म्बाह, बागेतले पक्षी कुठे गेले?" रेत्नोने विचारलं.

म्बाह पिंजऱ्याची दोरी ओढून होल्याला खाली घेत होते. "मेले असतील. चांगलं झालं."

"सगळे एकदम?"

"नडुक, बागेतली पाखरं म्हणजे कचरा. पक्षी म्हणावं तर याला. हा घुमला की घरात बरकत येते. तो बुलबुल घुमला तर काय येतं? तुझ्या आजीची मिरची जाते." नडुक म्हणजे बाळी. म्बाह लाडात असले की रेत्नोला तसं म्हणत, आणि आज ते फार लाडात होते, कारण पपई अख्खी होती.

मोठ्यांना विचारण्यात अर्थ नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. पतंग भिंतीला टेकवून ती बाहेर पडली.

गावात जिकडेतिकडे रंगकाम चाललं होतं. वोनोलेगी पक्षिमित्र गावांच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीपर्यंत पोचलं होतं आणि शनिवारी जिल्ह्याहून परीक्षक येणार होते. म्हणून घराघराच्या भिंतीवर पक्षी काढले जात होते. शाळेचे मास्तर शिडीवर चढून एका बुलबुलाला निळा रंग देत होते.

"सर, बुलबुल निळा नसतो," गलिह म्हणाला.

"पिवळा संपला," मास्तर म्हणाले.

भिंतींवर एवढे पक्षी आणि झाडांवर एक नाही, हे त्या शिडीवरच्या माणसाला दिसत नव्हतं. इतर कुणालाही दिसत नव्हतं, तर त्यालाच कशाला नावं ठेवा.

ओढ्याकाठच्या चेरीच्या झाडाशी गलिहने फांदीला हात लावला आणि हात तिथेच राहिला. तो ओढून सोडवला तेव्हा तळव्याची साल निघाली. फांदीफांदीवर बारीक काटक्या बांधल्या होत्या आणि त्यांना घट्ट, करडा चीक फासला होता. चिकात पिसं होती. पिवळी, हिरवी, तपकिरी. एका काटकीवर नुसता एक पाय होता.

वरच्या फांदीवर काहीतरी हललं. एक बुलबुल होता. पायाला दोरा बांधून त्याला तिथे बसवलं होतं, म्हणजे त्याच्या ओरडण्याने बाकीचे यावेत. आता ओरडायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. त्याच्या डोळ्यांना मुंग्या लागल्या होत्या आणि तो अजून जिवंत होता.

गलिहने आधी त्याची बोटं मोजली. सगळी होती. "जंबुल नाही," तो म्हणाला, आणि त्याचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण तो रडायला लागला. रेत्नोने दोरा दाताने तोडला. बुलबुल तिच्या ओंजळीत आला, चोच एकदा उघडली आणि मेला.

तुलुस एक काटकी नाकाशी धरून हुंगत होता.

"तू गप्प आहेस म्हणजे नक्की पाणी मुरतंय. बोल," रेत्नो म्हणाली.

"फणसाचा चीक आहे. खोबरेल तेलात शिजवलेला."

"तुला काय माहीत?"

"आमच्या चुलीवर शिजतो. पार्मिनकाका शिजवतो." तुलुसने काटकी टाकून दिली. "हल्ली त्याच्याकडे मोठं काम आलंय. कुणाचं ते सांगत नाही. काका वाईट नाही, रेत्नो."

"छे, देवमाणूस आहे. या मुंग्यांना विचार ना."

तुलुसचं तोंड उतरलं. रेत्नोला ते दिसलं आणि तिला बरंच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. ती हुशार होती, पण दयाळू होती असं तिच्या आईनेही कधी म्हटलं नसतं.

पार्मिनकाकावर पाळत ठेवायला फार अक्कल लागली नाही. दुपारी तो मोटरसायकलवर झाकलेली टोपली बांधून निघाला, ग्रामसभेच्या इमारतीमागे गेला आणि रिकाम्या टोपलीसह परतला. तिथे भाताचं एक जुनं कोठार होतं. जेवून सगळे आडवे झाल्यावर तिघं तिकडे गेली. दाराला कुलूप होतं, पण भिंत बांबूच्या चटईची होती आणि चटईला फटी होत्या.

आधी वास आला. घासलेट, विष्ठा आणि काहीतरी कुजल्याचा. मग डोळे सरावले. आत केळ्यांच्या लाकडी पेट्या एकावर एक रचल्या होत्या आणि पेट्यांत पक्षी होते. बुलबुल, मुनिया, शिंपी, चष्मेवाले, सगळी वोनोलेगीची बाग तिथे कोंबून भरली होती. वरचे पक्षी खालच्यांवर उभे होते. खालचे हलत नव्हते.

"कोणीतरी येतंय," तुलुस कुजबुजला. तिघं भातकांडणाच्या होडीएवढ्या जुन्या उखळामागे दडली.

पार्मिनकाकाने कुलूप काढलं. त्याच्यासोबत बापाक लुराह होते. गावाच्या प्रमुखाला तिथे लुराह म्हणतात, मानाने पुढे बापाक लावतात, आणि हे लुराह अंगाने गोल, बोलायला गोड आणि सदा घाईत असत.

"मेलेले फार झाले, बापाक," पार्मिनकाका म्हणाला. "चीक काढायला घासलेट लावावं लागतं, ते यांना सोसत नाही. पाणी तरी ठेवू का?"

"पाणी ठेवलं की घाण करतात. शनिवारपर्यंत पुरे होतील एवढे जगले म्हणजे झालं. आणि ते दुसरं काम?"

"पंख? निम्म्यांचे कापून झाले."

"सगळ्यांचे काप. मागच्या तालमीत काय झालं, बघितलंस ना? टोपली उघडली आणि हे नालायक भुर्रकन उडून गेले. फोटोत नुसतं कौलारू छप्पर आलं. पाहुणीबाई पक्षी सोडतायत आणि पक्षी त्यांच्या पायाशी फिरतायत, असा फोटो हवाय मला."

गलिहने तेवढ्यात जिभेने टक् टक् केलं. त्याला थांबवायला रेत्नोचा हात पोचला नाही. आतून, खालच्या कुठल्यातरी पेटीतून, बारीक चिर्र असं उत्तर आलं.

आणि बापाक लुराह उखळाशी येऊन उभे राहिले.

ते रागावले नाहीत. त्यांनी खिशातून गोळ्या काढून तिघांच्या हातावर ठेवल्या. "काय रे पोरांनो, शनिवारचं गुपित आधीच फोडलंत?"

"आत माझा जंबुल आहे," गलिह म्हणाला.

"असेल की. गावातले सगळेच आहेत. शनिवारी तुझ्या डोळ्यांदेखत सोडणार त्याला."

"पण तो सुटलेलाच होता," रेत्नो म्हणाली.

"आता तू हुशार मुलगी, तुला समजेल. परीक्षकांचा नियम आहे, समारंभात सोडायचे पक्षी त्याच गावचे हवेत. बाजारातून आणले की गुण कापतात. आणि नियम बरोबरच आहे. बाहेरचे पक्षी कशाला हवेत इथे?" लुराहांनी समजूतदारपणे मान हलवली. "मग गावचे पक्षी गावातच धरावे लागणार ना? धरल्याशिवाय सोडणार कसे?"

रेत्नोने विचारलं, "पंख का कापले?"

लुराहांचं हसू तसंच राहिलं, पण आवाज खाली आला. "पिसं नखांसारखी असतात, परत येतात. हे बघ, पक्षी मी पकडलेले नाहीत. चीक माझ्या घरी शिजत नाही. बोभाटा झाला तर पोलीस कुणाच्या दारात येतील, हे या तुलुसला विचार." पार्मिनकाका खाली मान घालून उभा होता. "आणि रेत्नो, तूच ना ती पहिली येणारी? मग पाहुणीबाईंच्या हातात टोपली देण्याचा मान तुझा. सजवलेली मोठी टोपली. कबूल?"

"कबूल," रेत्नो म्हणाली.

लुराह निघून गेल्यावर तुलुस तिच्यावर उखडला. "एका टोपलीवर विकली गेलीस. फोटोत यायचंय ना तुला?"

"यायचंच आहे. चल, मागे काय आहे ते बघू."

कोठारामागे चर होता. त्यावर केळीची पानं पसरली होती, आणि पानांखाली पार्मिनकाकाने टाकलेले मेलेले पक्षी होते. गलिह खाली बसला आणि एकेक पाय बघू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही. शेवटी तो हात चड्डीला पुसत उठला आणि म्हणाला, "नाही. तो आतच आहे."

"पाहुण्यांना गावचे पक्षी बघायचेत ना?" रेत्नो म्हणाली. "दाखवू. त्या सजवलेल्या टोपलीत हे भरायचे. बाई झाकण उघडतील, मांडीवर हे पडतील, आणि मला त्या वेळी लुराहांचं तोंड बघायचंय."

तुलुस तिच्याकडे बघत राहिला. "तू फार दुष्ट आहेस," तो म्हणाला, आणि त्यात थोडा आदर होता.

"आधी जंबुलला काढू," गलिह म्हणाला. "तुलुस काकाला सांगेल. काका एक पक्षी देईल की नाही रे?"

"देईल," तुलुस म्हणाला. "नक्की देईल. त्यालाही हे आवडत नाहीये."

"काही नको," रेत्नो म्हणाली. "काकाला विचारलंत की त्याला संशय येणार, तो लुराहांना सांगणार, आणि टोपलीवर पहारा बसणार. शनिवारी सगळ्या पेट्या मैदानात येतीलच. तेव्हा टक् टक् कर, तुझा तो तुझ्याकडे येईल."

"त्याला पाणी नाही तिथे."

"गलिह, एका पक्ष्यासाठी सगळ्यांचं वाटोळं करायचंय का तुला?"

गलिहने केळीची पानं परत चरावर ओढली. रेत्नोशी वादात आजवर कुणी जिंकलं नव्हतं, त्यामुळे तिचंच खरं असणार असं सगळ्यांनाच वाटायचं. घरी गेल्यावर तिने म्बाहना मात्र सगळं सांगून बघितलं. म्बाह होल्याला अंघोळ घालत होते. "लुराह शिकलेला माणूस आहे, विचार करूनच करत असेल," ते म्हणाले आणि पाण्याचा फवारा होल्याच्या छातीवर धरला.

शनिवारी मैदानावर मांडव पडला. शाळेतल्या मुलांना कागदी पंख लावून रांगेत उभं केलं होतं. काशाच्या थाळ्या-घंटांचं गामेलान वाजत होतं, बायका केळीच्या पानात बांधलेला भात आणि सोयाबीनचं तळलेलं तेम्पे वाटत होत्या. मुलांना कपडे घालायच्या गडबडीत सजवलेली टोपली जराशी बेवारस पडली, आणि तेवढं तिघांना पुरलं. तुलुसने पोत्यातून चरातला ऐवज आणला, रेत्नोने टोपलीतले जिवंत पक्षी दुसऱ्या पेटीत घातले, मेलेले आत भरले आणि वरून जाईच्या माळा दाबून बसवल्या, म्हणजे वास मारला जाईल. तुलुसने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. रेत्नो माळांची टोकं नीट जुळवत होती.

पाहुणीबाई, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य परीक्षक, उंच, हसऱ्या, उंच टाचांच्या चपला घातलेल्या होत्या. लुराहांचं भाषण लांबलं. "आमच्या गावात पक्षी आणि माणूस एका कुटुंबासारखे राहतात," असं ते म्हणाले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणालाही वर झाडाकडे बघावंसं वाटलं नाही.

मग मुलांनी लहान टोपल्या उघडल्या. पक्षी बाहेर आले, फडफडले आणि धपाधप गवतावर पडले. काही पळाले, काही जागीच बसून धापा टाकत राहिले.

"अगं बाई, किती माणसाळलेत!" पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं. फोटो काढणारा पोटावर आडवा होऊन फोटो घेत होता. तो भलताच खूश होता.

गलिह रांगेत होता. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला दाबून धरलं होतं, पण जीभ मोकळी होती. टक् टक्. पलीकडच्या टोपलीतून एक बुलबुल बाहेर आला. शेंडी उभी, पाठीला घासलेट लागून पिसं चिकटलेली, एका पंखाचा कापलेला काठ जमिनीला घासतोय. तो टुणटुण उड्या मारत निघाला. रस्त्यात पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या. त्याने त्या चुकवल्या नाहीत, कारण माणसांना चुकवायचं असतं हे त्याला कधी शिकवलेलंच नव्हतं.

रेत्नो सजवलेली टोपली घेऊन पाहुणीबाईंसमोर पोचली होती. तिने जंबुलला पाहिलं. तो बाईंच्या खुर्चीच्या मागच्या पायाशी आला होता. गलिह मास्तरांच्या हाताखालून तिच्याकडे बघून मान हलवत होता, थांब, थांब. ती थांबू शकत होती. खाली वाकून त्याला उचलायला कितीसा वेळ लागला असता? पण लुराह शेजारीच हसत उभे होते, गामेलान थांबलं होतं आणि सगळं गाव बघत होतं. या घटकेची ती चरापाशी उभी होती तेव्हापासून वाट बघत होती. तिने टोपली पुढे केली.

बाईंनी झाकण उघडलं. फुलांच्या माळा घसरल्या आणि पाठोपाठ काळे पडलेले, फुगलेले, मुंग्यांनी पोखरलेले पक्षी भडाभडा त्यांच्या मांडीवर सांडले.

बाई किंचाळून उठल्या. खुर्ची मागे कलंडली. मागच्या रांगेतले उठले, त्यांच्या मागचे उठले, बायका पोरांना ओढून पळाल्या, कुणी टेबलावर आदळलं. गवतावर पक्षी होते आणि त्यांना उडता येत नव्हतं. पायाखाली काय येतंय हे कुणी बघितलं नाही. बारीक आवाज येत राहिले, सुकी पानं तुडवल्यासारखे.

गोंधळ जरा निवला तसे बापाक लुराह सावरले. हे त्यांचं कौशल्यच होतं. "हा सगळा पार्मिनचा निष्काळजीपणा आहे," त्यांनी सांगून टाकलं. "पक्षी सांभाळायचं काम त्याला दिलं होतं. पार्मिन, पुढे ये."

पार्मिनकाका पुढे आला. दोन माणसांनी लगेच त्याचे दंड धरले.

तुलुसचे ओठ पांढरे पडले होते. पण तो लुराहांकडे गेलाच नाही. तो फोटो काढणाऱ्याकडे गेला आणि भोळ्या चेहऱ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दादा, फोटो चांगले आले? मागच्या तालमीत नुसतं छप्पर आलं होतं ना?"

"या वेळी एकदम झकास," तो कॅमेरा पुसत म्हणाला. त्या माणसाला आपल्या कामापलीकडे कशाचंच भान नव्हतं. "लुराहसाहेबांनी मला आधीच सांगितलं होतं, या वेळी पंख कापून ठेवतोय, आरामात घे."

लुराहांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कॅमेरा पुसायचा थांबला. पाहुणीबाई वाकल्या, गवतातला एक जिवंत चष्मेवाला उचलला आणि त्याचा पंख बोटांनी पसरला. कात्रीने केलेली सरळ रेघ कुणालाही दिसली असती.

"हे पक्षी कुठले?" त्यांनी विचारलं.

"याच गावचे," रेत्नो म्हणाली. "नियमाप्रमाणे." मग तिने चेरीच्या झाडापासून कोठारापर्यंत सगळं सांगितलं. ती छान बोलायची, आजही छान बोलली. लोक ऐकत होते. म्बाह कार्सोंनी पहिल्यांदाच मान वर करून मांडवाबाहेरच्या आंब्याकडे बघितलं. पार्मिनकाकाचे दंड सोडले गेले, आणि लुराहांना बाईंनी आपल्या गाडीत बसायला सांगितलं, ते पुढच्या सीटवर नव्हे.

"तुझ्यासारखी मुलगी प्रत्येक गावात हवी," बाई रेत्नोला म्हणाल्या आणि माइकवर तेच परत म्हणाल्या. "जे मोठ्यांना दिसलं नाही ते या मुलांना दिसलं. गावाला बक्षीस मिळणार नाही, पण या मुलीचं नाव मी जिल्ह्यात सांगणार आहे." टाळ्या पडल्या. मास्तरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. म्बाह गर्दीतून वाट काढत आले, डोळे पुसत म्हणाले, "माझी नात आहे ही. डोकं माझ्यावर गेलंय." तुलुसलाही कुणीतरी खांद्यावर उचलून घेतलं, आणि तोही आता हसत होता.

गलिह कलंडलेल्या खुर्चीपाशी बसला होता. खुर्ची त्याने उचलून बाजूला ठेवली होती. त्याच्या टोपीत जंबुल होता, खुर्चीच्या पाठीने चपटा झालेला, शेंडी मात्र जशीच्या तशी. मैदानभर जिवंत राहिलेले पक्षी पोरं गोळा करत होती. पिसं परत यायला कित्येक महिने लागणार होते आणि तोवर त्यांना घराघरातून सांभाळायचं ठरलं होतं. गलिहच्या कानावर यातलं काही जात नव्हतं.

म्बाह रेत्नोचा हात धरून तिला तिथे घेऊन आले. "बघ गलिह, ताईचं नाव जिल्ह्यात जाणार."

"जंबुलला तिने मारलं," गलिह म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "तिला दिसला होता तो. मी थांब म्हणत होतो."

"असं बोलू नये बाळा. गर्दीत झालं ते. आणि एक पाखरू गेलं तर बाकीची वाचली की नाही? नडुक, तू मनाला लावून घेऊ नकोस. लहान आहे तो."

टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. रेत्नोने म्हाताऱ्याच्या हातातून हात सोडवून घेतला आणि ती गलिहसमोर गवतावर बसली.

"नाही म्बाह," ती म्हणाली. "मला दिसला होता."

गलिहने टोपी स्वतःकडे ओढून घेतली आणि तिच्याकडे पाठ फिरवून बसला. ती तिथून उठली नाही. मागे माइकवर कुणीतरी तिचं नाव पुकारत होतं, फोटोसाठी.